पाठ टेकली म्हणून कुस्ती संपत नाही



सुगी उरकली, की आपल्याकडे गावोगाव जत्रा भरू लागतात. सकाळी देवाची पालखी निघते आणि दुपारी कुस्त्यांचा फड लागतो. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग पैशाच्या. आणि दिवस कलायला आला की नामांकित जोडी आत उतरतात. अशा फडाच्या कडेला एखादा पोरगा बसलेला तुम्ही खात्रीने पाहिला असेल. विजारीच्या आत त्याने लंगोट कसलेला असतो. वर्षभर तालमीत त्याने जोर-बैठका काढलेल्या असतात. हलगी कडाडते. पंच हाळी देतात, ‘हाय का कुणी ह्याच्या जोडीला?’ पोरगा अर्धा उठतो, आणि पुन्हा खाली बसतो. शेजारच्याने विचारले, ‘का रं, उतरत न्हाईस?’ तर म्हणतो, ‘पायात लचक भरलीया.’

लचक पायात नसते, मंडळी. ती मनात भरलेली असते.

संध्याकाळी तो घरी जातो तेव्हा त्याच्या पाठीला माती लागलेली नसते. कपडे जसेच्या तसे स्वच्छ. पण रात्री त्याला झोप येत नाही. जो पडला त्याच्या अंगाची माती विहिरीवर चार बादल्या पाण्याने निघून गेली. ह्याच्या मनाला जे लागले ते मात्र काही केल्या निघत नाही. ‘उतरलो असतो तर काय झाले असते?’ हा एकच प्रश्न पुढच्या जत्रेपर्यंत, कधीकधी जन्मभर, त्याची पाठ सोडत नाही.

आज मला तुमच्याशी ह्याच भीतीविषयी बोलायचे आहे. मी काही मोठा वक्ता नाही. एकतीस वर्षे खडू हातात धरलेला मी साधा शिक्षक. परंतु ह्या एकतीस वर्षांत मी जेवढी मुले नापास होताना पाहिली, त्याहून अधिक मुले नापास होण्याच्या भीतीने बसल्या जागी थिजलेली पाहिली. आणि त्यांपैकी एकाच्या बाबतीत दोष माझा स्वतःचा होता. ती गोष्ट मी शेवटी सांगेन. न सांगता उठलो तर हे भाषण खोटे होईल.

आधी ह्या भीतीची जरा फोड करून पाहू. वरवर ती एकच दिसते, पण तिच्यात दोन वेगळ्या भीती एकत्र दळलेल्या असतात. पहिली नुकसानीची. नवी विहीर खणायची, पाणी लागले नाही तर? डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, बी-बियाण्याची उधारी आहे; अशा माणसाला ‘भिऊ नकोस, उडी घे’ असे सांगणारा मनुष्य त्याचा हितचिंतक नव्हे. ही भीती शहाणी आहे. ती अंथरूण पाहून पाय पसरायला शिकवते. तिला घालवून देऊ नये. तिला शेजारी बसवून तिच्याकडून हिशेब समजून घ्यावा.

दुसरी भीती मात्र हसण्याची. लोक काय म्हणतील? पारावर बसणारे काय म्हणतील? भावकी काय म्हणेल? हिचा हिशेब कोणत्याही वहीत मांडता येत नाही, कारण हिच्यात तुमचे दमडीचेही नुकसान नसते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच. आणि गंमत अशी, की ही दुसरी भीती नेहमी पहिलीचे कपडे घालून येते. पोरी म्हणतात, ‘शिकायला तालुक्याला जायचं, पण एस.टी.चा खर्च परवडत नाही.’ पास काढून दिला तरी जात नाहीत. मग कळते, की अडचण एस.टी.ची नव्हती, ‘गेली आणि नापास होऊन आली’ असे कोणी म्हणेल, ही होती.

आता एका माणसाची हकीकत ऐका. तुमच्यापैकी पुष्कळांना ती ठाऊक असेल. पण ती आज वेगळ्या बाजूने पाहू.

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर म्हणून गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे, वडील स्वतः मल्ल. म्हणजे पोराला कुस्ती पाळण्यातच मिळाली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात ते शिकले आणि पुढे कोल्हापुरास राजाराम कॉलेजात गेले. अंगाने थोराड नव्हते. लहान चणीचे, पण चपळ.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला हात दिला आणि खाशाबा तेथे गेले. आता विचार करा. आयुष्यभर हा गडी तेल, ताक, हळद घातलेल्या मऊ मातीत खेळलेला. तेथे माती नाही, गादी. वेळेचे बंधन वेगळे, पंचांचे नियम वेगळे. सर्वांत हलक्या वजनाच्या गटात ते उतरले आणि सहावे आले.

सहावे! पदक पहिल्या तिघांना. गावाकडच्या भाषेत सांगायचे तर हात हलवीत परत आले. आता येथे दोन वाटा फुटत होत्या. ‘आपलं कुठं जमायचं गादीवर? आपली माती बरी,’ असे म्हणून जत्रेचे फड मारीत हिंडणे, ही एक वाट. त्यात इनाम होते, फेटे होते, आणि कोणी हसणारे नव्हते. दुसरी वाट अशी, की सहाव्या क्रमांकाला हार न म्हणता मोजमाप म्हणायचे. आपण कोठे उभे आहोत आणि पहिला कोठे उभा आहे, ह्यांतले अंतर आता कळले. ते लंडनला न जाता कधीच कळले नसते. खाशाबांनी ही दुसरी वाट धरली. पुढची चार वर्षे मेहनत वाढवली आणि अधिक वजनाच्या गटात तयारी केली.

मग १९५२ साल आले. सामने फिनलंडच्या हेलसिंकी शहरी होते. जायचे तर पैसा हवा, आणि पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, ओळखीपाळखीच्यांनी दिले, तरी तोंडमिळवणी होईना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

येथे मी शिक्षक बंधुभगिनींना क्षणभर थांबवतो. सात हजार रुपये, १९५२ सालचे. आणि ते कोणावर? चार वर्षांपूर्वी सहाव्या क्रमांकावर राहिलेल्या एका विद्यार्थ्यावर. पदक मिळेल असा कोणी लेखी करार करून दिला नव्हता. पडला असता तर खाशाबांची पाठ टेकली असती, पण घर गुरुजींचे गेले असते. म्हणजे त्या प्रवासात भीती एकट्या खाशाबांच्या वाट्याची नव्हती. ती दोघांनी वाटून घेतली होती. आणि वाटून घेतलेले ओझे अर्ध्याने हलके होते, हे डोक्यावर भारा वाहणाऱ्यांना मी सांगायला नको.

हेलसिंकीस खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोचे मल्ल पाडले. पुढे जपानच्या इशीशी लढत झाली. ती ते हरले. हा इशी पुढे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. त्या दमवणाऱ्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता सोव्हिएत रशियाच्या मल्लाशी उतरावे लागले, आणि त्यांच्या बाजूने बोलायला आपला कोणी अधिकारी तेथे नव्हता, असे सांगितले जाते. तीही लढत गेली. हाती आले ते कांस्यपदक. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. पुढचे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडले, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे गेली. ह्यावरून त्या कांस्याचे वजन ओळखा.

ते परत आले तेव्हा शंभरावर बैलगाड्या जुंपून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली. पुढे त्यांनी कुस्त्यांचे सामने भरवले आणि त्या पैशातून गुरुजींचे घर सोडवले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. देशाने मोठा मान द्यायला उशीरच केला. दिल्लीच्या कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव लागले ते २०१० साली. म्हणून तरुणांना सांगतो, टाळ्यांसाठी उतरू नका. टाळ्या कधीकधी पन्नास-पन्नास वर्षे उशिरा येतात. जे काम टाळ्यांवाचूनही करावेसे वाटते, तेच आपले काम समजावे.

कोणी म्हणेल, ‘गुरुजी, हे पैलवानांचं झालं. आम्हा शेतकऱ्यांचं काय?’ तर शेतकऱ्यांचेच उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावास लोखंडी नांगर तयार केला. आज लोखंडी नांगराचे कोणाला नवल नाही. पण तेव्हा लोक म्हणत, लोखंडाने जमीन विषारी होईल, पीक जळून जाईल. जवळजवळ दोन वर्षे नांगर पडून राहिले, गिऱ्हाईक नाही. तरी त्यांनी ते मोडीत काढले नाहीत. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल स्टेशनजवळ जागा दिली, आणि १९१० साली निवडुंगाने भरलेल्या त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. नांगर दोन वर्षे विकला गेला नाही, ह्याचा अर्थ नांगर वाईट होता असा नव्हे. लोकांचा विश्वास पिकायला दोन वर्षे लागली, एवढाच त्याचा अर्थ. काही पिके तीन महिन्यांत येतात. आंब्याला पाच-सहा वर्षे लागतात. तिसऱ्या महिन्यात आंबा आला नाही म्हणून कोणी कलम उपटून टाकत नाही. आपल्या मनातल्या बेतांच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

आणि फार जुन्या काळात जायला नको. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. वडील शिक्षक. २०१२ पासून तो आंतरराष्ट्रीय नेमबाजीत उतरत होता, पण ऑलिंपिकला पोहोचायला २०२४ साल लागले. बारा वर्षे! पॅरिसला प्राथमिक फेरीत तो सातवा होता आणि अंतिम फेरीत कांस्यपदक घेऊन उठला. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते बहात्तर वर्षांनी. सातव्या नंबरवर असताना ‘आता काही खरे नाही’ म्हणून त्याने बंदूक खाली ठेवली असती, तर?

बरे, ही झाली थोरांची उदाहरणे. आपण आपल्या घरी काय करावे? चार गोष्टी सांगतो. चारही करून पाहिलेल्या आहेत.

पहिली. जे करायचे आहे ते आधी एका वाफ्यात करून पाहा. नवे वाण आले तर शहाणा शेतकरी सगळे रान त्याला देत नाही; दोन गुंठ्यांत लावतो, पारख करतो. तुम्हाला शिवणकामाचे दुकान टाकायचे आहे? पहिल्या महिन्यात गाळा भाड्याने घेऊ नका. घरच्या ओसरीवर शेजारणीची चार पोलकी शिवा. वाफा बुडाला तर वर्ष बुडत नाही. आणि साधला तर हिंमत विकत घ्यावी लागत नाही.

दुसरी. नुकसान कागदावर मांडा. मनात असते तोवर भीतीला माप नसते. अंधारात दोरी साप वाटते; कंदील आणला की दोरी दोरीच दिसते. ‘फसलो तर नेमके काय जाईल?’ असे लिहा. किती रुपये, किती महिने. लिहून झाल्यावर पाहा, त्यातले सोसण्याजोगे किती. सोसण्यापलीकडचे असेल तर थांबा. त्यात लाज नाही. पण शेवटची ओळ जर ‘लोक हसतील’ एवढीच उरली, तर उठा आणि कामाला लागा. कारण लोक हसतात ते पुढच्या बाजारापर्यंत. मग त्यांना हसायला दुसरा कोणी सापडतो.

तिसरी. वस्ताद शोधा. जो स्वतः कधी मातीत उतरला नाही त्याचा सल्ला घेऊ नका, मग तो काकाच असो की पुढारी. जो पडला आहे आणि उठला आहे, त्याच्या पायाशी बसा. तो तुम्हाला धीराचे बोल देणार नाही कदाचित. पण डावा पाय कोठे ठेवायचा ते सांगेल. त्या वेळी धीरापेक्षा त्याचाच उपयोग अधिक.

चौथी. पडल्यावर दोन प्रश्न स्वतःला विचारा. ‘मी कुठे चुकलो?’ हा पहिला. आणि ‘माझ्या हातात नव्हते ते काय?’ हा दुसरा. पाऊस आला नाही ही तुमची चूक नव्हे. बी न तपासता पेरले ही तुमची चूक. सगळा दोष नशिबावर टाकणारा काही शिकत नाही, आणि सगळा दोष स्वतःवर घेणारा खचून जातो. दोन्ही पारडी समोर ठेवा.

आता मी सुरुवातीला कबूल केले ते सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या शाळेत होतो तिचा दहावीचा निकाल चांगला लागत असे, आणि तो तसाच लागावा अशी आम्हा सर्वांना काळजी असे. माझ्या वर्गात एक मुलगा होता. हात सोन्याचे, शाळेची बिघडलेली घंटा, रेडिओ, पाण्याची मोटार, सगळे तोच दुरुस्त करी. पण गणित कच्चे. मी त्याच्या वडिलांना बोलावले आणि सांगितले, ‘पोराचं काही खरं नाही. यंदा शाळेतून बसवू नका. सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा.’ शब्द मऊ होते. पण पोरगा दाराशी उभा होता, आणि त्याने जे ऐकायचे तेच ऐकले. त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरला नाही. शाळेचा निकाल छान लागला. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या.

पंधरा-सोळा वर्षांनी तो मला बाजारात भेटला. पाया पडला. मोटारी रिवाइंड करण्याचे लहानसे दुकान आहे त्याचे. पंचक्रोशीत कोणाच्या विहिरीवरची मोटार जळाली तर ह्यालाच हाक. मी म्हटले, ‘अरे, वायरमनचा परवाना काढ की. मोठी कामं घेता येतील.’ तो हसला. म्हणाला, ‘परवाना म्हंजे आधी दहावीचा कागद आला, मग पुन्हा परीक्षा आली, गुरुजी. आपल्याच्यानं परीक्षा न्हाई व्हायची. तुमीच म्हणाला हुता न्हवं?’

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते. माझे एक वाक्य ह्या माणसाने पंधरा वर्षे सातबाऱ्यावरच्या बोज्यासारखे वागवले होते, आणि मला ते आठवतसुद्धा नव्हते.

त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दुकानात गेलो आणि त्याच्या बायकोपोरांदेखत म्हणालो, ‘बाबा, तेव्हा मी तुझी परीक्षा घेतली नाही, मी माझ्या निकालाची काळजी केली. चूक माझी होती. तेव्हा जो सतरा नंबरचा फॉर्म राहिला, तो आता आपण दोघं मिळून भरू.’ तो कितीतरी वेळ हातातल्या तांब्याच्या तारेशी चाळा करीत राहिला. मग म्हणाला, ‘नापास झालो तर पोरगी हसंल, गुरुजी. ती आठवीत हाय.’ त्याची पोरगी तेथेच उभी होती. ती म्हणाली, ‘मी न्हाई हसायची. मी तुमचं गणित घीन.’

मार्चमध्ये तो परीक्षेला बसला. बाकी सगळे विषय सुटले, गणित राहिले. निकालाच्या दिवशी मीच घाबरत घाबरत त्याच्या दुकानावर गेलो. तो मोटारीचे झाकण खोलत होता. मान वर न करता म्हणाला, ‘सात मार्क कमी पडलं, गुरुजी. जुलैत पुन्हा हाय. भूमितीत गेलं, आता कळलंय कुठं गेलं ते.’

श्रोतेहो, ‘आता कळलंय कुठं गेलं ते.’ ह्या एका वाक्यासाठी मी हे सारे सांगितले. पंधरा वर्षे जो मनुष्य नापास न होता घाबरलेला होता, तो नापास होऊन निर्भय झाला. जुलैचा निकाल काय लागला, हे मी मुद्दामच सांगत नाही. कारण त्याची खरी कुस्ती मार्चमध्येच निकाली झाली होती.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकाला खर्डेकर सरांसारखे घर गहाण ठेवता येणार नाही. तशी कोणी अपेक्षाही करीत नाही. पण आपल्या शाळेच्या निकालातले दोन टक्के एखाद्या मुलासाठी गहाण ठेवता येतील की नाही? आणि तेही जमत नसेल, तर निदान जिभेला आवर घालता येईल. ‘तुझ्याच्याने होणार नाही’ हे तीन शब्द बोलायला काही लागत नाही. फेडायला मात्र दुसऱ्याचे आयुष्य लागते.

आणि माझ्या तरुण श्रोत्यांनो, येत्या जत्रेला फडाच्या कडेला बसाल, हलगी वाजेल, पंच हाळी देतील. आपली ताकद पाहा, जोड पाहा, वस्तादाकडे एकदा पाहा. आणि मग उठा. पडलात तर पाठीला माती लागेल. ती आपल्याच गावची माती आहे. झटकून टाका आणि पुढच्या जत्रेची मेहनत दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू करा.